शहरबानूंची शिवी

विभावरी दिवसभर लोकांना नाही म्हणायची. तिचं कामच ते होतं. दुबईतल्या सिलिकॉन ओएसिसमधल्या एका क्लिनिकात ती इन्शुरन्स डेस्कवर बसायची आणि कुणाचा एमआरआय, कुणाच्या दाताची कॅप, कुणाची फिजिओथेरपी कंपनीने नाकारली, हे ज्याला त्याला गोड आवाजात सांगायची. लोक तिच्यावर ओरडायचे, काही जण रडायचे, एकाने तर एक्स-रेचं पाकीट तिच्या टेबलावर आपटून फाडलं होतं. अशा बाईला मॅनेजमेंटने एके दिवशी बोलावून सांगितलं, की आता तू लोकांना स्वीकार शिकव.

झालं असं होतं, की क्लिनिकात मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून एकदाच यायचे. त्यांची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत पेशंट एकतर आपोआप बरा व्हायचा, नाहीतर नोकरी सोडून इंडियाला परत जायचा. म्हणून असं ठरलं, की ज्यांचा त्रास फार गंभीर नाही त्यांच्याशी बोलायला आपल्याच स्टाफमधली चार माणसं तयार करायची. विभावरीची निवड मॅनेजर जमालने केली. "लोक हिला एवढं बोलतात, तरी ही हसते," असं त्याचं म्हणणं. ते हसू नसून आवळलेला जबडा असतो, हे तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं.

शिकवायला इशिता होती. अबू धाबीच्या अल रीम आयलंडवर राहणारी सायकॉलॉजिस्ट, विभावरीहून दहाबारा वर्षांनी लहान, आणि बोलताना सतत काहीतरी खाणारी. तिचा मुद्दा सोपा होता. मनात येणाऱ्या विचारांशी मारामारी करायची नाही. ते खरे की खोटे यावर वादही घालायचा नाही. "टॅक्सीत ड्रायव्हरने रेडिओ लावलाय असं समजा," ती म्हणाली. "तुम्हाला तो आवडत नाही आणि तो बंद करत नाही. म्हणून तुम्ही भर हायवेवर उतरता का? जायचं तिथे जाताच ना?"

"मी ड्रायव्हरला बंद करायला लावते," विभावरी म्हणाली.

"हा रेडिओ बंद होत नाही, ताई. तोच तर प्रॉब्लेम आहे."

विभावरीला हे सगळं जरा पोकळ वाटलं होतं. पण पहिले दोन पेशंट बरे गेले. आणि मग शहरबानू आल्या.

शहरबानू बासष्ट वर्षांच्या होत्या. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावातून लग्न होऊन दुबईत आलेल्या, आता मुलाच्या कुटुंबाबरोबर जवळच्याच टॉवरमध्ये राहणाऱ्या. नवरा खैरुद्दीन, बोटींच्या सुट्या भागांचा व्यापारी. छातीत धडधडतं म्हणून त्या डॉक्टरांकडे आल्या होत्या. सगळ्या टेस्ट नॉर्मल आल्या, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना विभावरीच्या खोलीकडे पाठवलं. खोली कसली, फिजिओच्या शेजारची स्टोअररूम. दोन खुर्च्या, एक टिश्यूचा डबा आणि कोपऱ्यात एक मोडकी व्हीलचेअर.

"आंटी, काय त्रास होतो?" विभावरीने विचारलं.

"आंटी नको म्हणूस गो. खाला म्हण." एवढं बोलून त्यांनी ओठ घट्ट मिटले. त्यांच्या तोंडात काहीतरी होतं. विभावरी बघतेय असं दिसल्यावर त्यांनी पदराआड तोंड करून रुमालात तीन लवंगा काढल्या. "तोंड भरलेलं असलं म्हणजे बरं असतं," त्या म्हणाल्या. "जीभ अडकून राहते."

हळूहळू बाहेर आलं ते असं. शहरबानूंनी उभ्या आयुष्यात कुणाला अरेतुरे केलं नव्हतं. पण गेल्या वर्षापासून एखादा आदरणीय पुरुष समोर आला, की त्यांच्या डोक्यात एक शिवी उमटायची. साधी नव्हे, खणखणीत. माणूस जितका मोठा तितका आवाज मोठा. नातवाच्या शाळेचे प्रिन्सिपल, डॉक्टर, पासपोर्ट ऑफिसमधला साहेब. आणि त्यांची खात्री झाली होती, की एक ना एक दिवस ती तोंडातून बाहेर पडणार.

"इथे शिवी दिली तर डिपोर्ट करतात, बाय. या वयात मला विमानात बसवून पाठवतील. गावात काय सांगू? का आली परत, तर शिवी दिली म्हणून?"

"कुठली शिवी?"

"नाही हो! ती मी तोंडाने कशी सांगू?"

"बरं. कशापासून सुरू होते?"

"भ," शहरबानू जमिनीकडे बघत म्हणाल्या.

विभावरीला मदतच करायची होती. तिने आवाज खाली आणून, भपासून सुरू होणारा आणि ओएसिसमधले सगळे टॅक्सीवाले जाणतात असा एक शब्द उच्चारला.

"तौबा तौबा!" शहरबानूंनी कानांवर हात ठेवले. "इतकी घाण नाही गो! तू बामणाची ना?"

विभावरीने दुसरा शब्द सुचवला. तो पहिल्यापेक्षा वाईट निघाला. शहरबानू खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

"भाड्या?" तिने शेवटी विचारलं.

शहरबानू परत बसल्या आणि मान हलवून रडायला लागल्या.

विभावरीने टिश्यू पुढे केला. तिला आतून हसू येत होतं आणि आपण हसलो तर ही बाई पुन्हा कधी कुणाला सांगणार नाही हेही कळत होतं. पण पुढचं ऐकताना हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. शहरबानूंनी बाहेर जाणं सोडलं होतं. लग्नं नाहीत, दावती नाहीत. त्यांच्या नातीचं, यम्नाचं, लग्न ठरत होतं. सून नोकरीला, म्हणून यम्नाला वाढवलं शहरबानूंनीच. नवरामुलगा अर्श, शारजाचा, घराणं मूळ रायगडकडचं. त्याचे आजोबा म्हणजे हाजीसाहेब, पांढरीशुभ्र दाढी, सगळे ज्यांच्यापुढे उठून उभे राहतात असे. ती माणसं चार वेळा घरी आली आणि चारही वेळा शहरबानू डोकं दुखतंय म्हणून आतल्या खोलीत बसल्या.

"त्यांना वाटतं मला हे स्थळ पसंत नाही. यम्ना पण परवा मला म्हणाली, 'दादी, यू डोन्ट लाइक हिम, जस्ट से इट.' मला तो पोरगा सोन्यासारखा वाटतो गो! पण त्याच्या आजोबांसमोर मी उभी राहिले आणि हे आलं तर?"

संध्याकाळी विभावरीने इशिताला व्हिडिओ कॉल लावला. इशिता पॉपकॉर्न खात होती. सगळं ऐकून तिने वाटी बाजूला ठेवली, पेशंटबद्दल नीट सहासात प्रश्न विचारले आणि मग म्हणाली, "पुष्कळ लोकांना होतं हे. जो विचार नको असतो, तोच मन पुन्हा पुन्हा आणून दाखवतं. आणि शिवी डोक्यात घोळते म्हणून ती तोंडातून निघेल असं नसतं. पण हे त्यांना पटवत बसू नका, रोज नव्याने पटवावं लागेल. मी एकदा त्यांच्याशी बोलून घेते. तुम्ही मात्र तो शब्द घ्या आणि दोघी मिळून मोठ्याने म्हणा. भराभर, न थांबता. शब्दाचा अर्थ गळून नुसता आवाज उरेपर्यंत."

"मी? मोठ्याने? मी पुण्याची आहे."

"पुण्यात शिव्या देत नाहीत?"

"देतो की. पण त्यात शिवीचा शब्द नसतो."

सराव करायला हवा म्हणून विभावरीने रात्रीच्या पोळ्या लाटताना सुरुवात केली. लाटण्याच्या लयीत ते छान बसत होतं. मुलगी अस्मी पाण्याची बाटली भरायला आली आणि दारातच थांबली.

"आई, आर यू ओके?"

"ऑफिसचं काम आहे."

"दॅट एक्सप्लेन्स अ लॉट," अस्मी म्हणाली आणि गेली.

दरम्यान इशिता शहरबानूंशी फोनवर बोलली आणि हे काम विभावरीनेच पुढे न्यायला हरकत नाही म्हणाली. पुढच्या भेटीत विभावरीने टॅक्सीचा रेडिओ समजावून सांगितला, मग सुरुवात केली. शहरबानूंनी पहिल्यांदा ओठ नुसते हलवले. मग कुजबुजल्या. मग विभावरीने मुद्दाम आवाज चढवला, तशी त्यांनीही चढवला. भाड्या, भाड्या, भाड्या. हळूहळू शब्दाचे सांधे सुटले. ड्याभा, ड्याभा, ड्याभा. कुणीतरी ढोलकी वाजवतंय असं वाटायला लागलं. शहरबानूंचा चेहरा लाल झाला होता, घाम आला होता, आणि मग मधेच त्यांना असं हसू फुटलं, की त्या टिश्यूचा डबा मांडीवर घेऊन डोळे पुसत राहिल्या.

"अगो, हे तर काहीच नाही," त्या धापा टाकत म्हणाल्या. "डबा वाजवल्यासारखं आहे नुसतं. परत म्हण."

त्यांनी परत म्हटलं. पहिल्यापेक्षा मोठ्याने.

स्टोअररूमचं दार प्लायवुडचं होतं. त्या वेळी गुडघ्याच्या फिजिओसाठी आलेले सुरेश नावाचे एक ठाण्याचे गृहस्थ कुबडी टेकत बाहेरून चालले होते. दोन बायका आपल्या प्रत्येक पावलाला ताल धरून आपल्याला भाड्या म्हणताहेत, असं त्यांना स्वच्छ ऐकू आलं. ते थांबले, तर आतले आवाज हसायला लागले. ते निघाले, तर पुन्हा सुरू. सुरेश तसेच जमालच्या केबिनमध्ये गेले.

जमाल मूळचा जॉर्डनचा. त्याने विभावरीला बोलावलं. "यल्ला, विभा, एक्सप्लेन. हा माणूस म्हणतो तू त्याला बादिया म्हणालीस. बादिया म्हणजे वाळवंट. त्यात राग कसला?"

"वाळवंट नाही, सर."

"मग?"

भाड्या म्हणजे घरभाडं, असं सांगायचं विभावरीच्या अगदी ओठावर आलं. दुबईत घरभाड्यावरून दोन बायका किंचाळतात यावर कुणाचाही विश्वास बसला असता. पण सुरेश समोरच बसले होते आणि त्यांना मराठी येत होतं. तिने खरा अर्थ सांगितला. जमालने खुर्ची थोडी मागे सरकवली.

"धिस इज थेरपी?"

तिने इशिताला फोन लावून स्पीकरवर ठेवलं. इशिताने पेशंटचं नाव न घेता पाच मिनिटं शांतपणे सांगितलं, की ही मान्य पद्धत आहे, चूक असेल तर दाराची आहे. जमालला ते पटलं. सुरेशना नाही. त्यांना माफी हवी होती, तीही ज्या बाई आत बसल्या होत्या त्यांच्याकडून. विभावरीने स्वतः दोनदा माफी मागून पाहिली. तुम्ही स्टाफ आहात, तुम्ही मागणारच, असं ते म्हणाले.

घोळ एवढ्यावर थांबला असता. पण रिसेप्शनवरच्या मुलीने अतिउत्साहात पेशंटच्या घरचा नंबर फिरवला आणि खैरुद्दीन अर्ध्या तासात येऊन उभे राहिले. उंच, सावळे, हातात गाडीची किल्ली, आवाज सगळ्या लॉबीला पुरेल असा.

"कोण म्हणतं माझी बायको शिवी देते? ती मांजराला पण 'अहो' म्हणते!"

शहरबानू स्टोअररूमच्या दारात उभ्या होत्या. विभावरीला वाटलं, आता या रुमालातून लवंगा काढतील आणि तोंडात कोंबतील. त्यांचा हात रुमालाकडे गेलाही. मग त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आत या. बसा."

आत त्यांनी सगळं सांगितलं. विभावरी उठून जायला लागली, तर त्यांनी तिचा हात धरून ठेवला. खैरुद्दीन मोडक्या व्हीलचेअरमध्ये बसून ऐकत होते. सगळं झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"माझ्याबद्दल पण येतो हा विचार?"

"सगळ्यात पहिल्यांदा तुमच्यावरच आला."

"कधी?"

"सोफा घ्यायला गेलो होतो तेव्हा. तुम्ही त्या सेल्समनला हबीबी हबीबी करत होता. तो किंमत वाढवत होता आणि तुम्ही त्याला चहा पाजत होता."

खैरुद्दीननी हातातली किल्ली मांडीवर ठेवली. "तेव्हा," ते म्हणाले, "मी होतोच जरा तसा." मग त्यांचा आवाज उतरला. "पण वर्षभर तू मला सांगितलं नाहीस, बानू? मला वाटत होतं तुला माझा कंटाळा आलाय."

शहरबानूंनी पदर सारखा केला आणि विभावरीला विचारलं, "तो माणूस कुठे बसलाय?"

"खाला, आजच जायला हवं असं नाही. आपण आधी..."

"उद्या यम्नाच्या सासरचे येतील तेव्हा पण मी 'आधी' म्हणू का?"

सुरेश वेटिंग एरियात पाय लांब करून बसले होते. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, चष्म्याच्या वरून बघण्याची सवय. शहरबानूंच्या डोक्यात काय चाललं असेल याचा विभावरीला पूर्ण अंदाज होता. त्या त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी हात एकमेकांत अडकवले. तोंड रिकामं होतं.

"साहेब, आत मी होते. मला एक आजार आहे, त्याचा इलाज चालला होता. ते तुम्हाला उद्देशून नव्हतं. पण तुम्ही ऐकलं, तुम्हाला लागलं. त्याबद्दल माफ करा."

सुरेश उठायला गेले, कुबडी घसरली, तीही शहरबानूंनीच उचलून दिली. "असू द्या, आजी," ते म्हणाले. "मला वाटलं, माझ्या चालण्यावरून..." ते वाक्य त्यांनी सोडून दिलं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून लोक आपल्या लंगडण्याकडे बघतात असं त्यांना वाटायचं, हे ते पुढे स्वतःच सांगायला लागले आणि शहरबानू शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत राहिल्या.

परत आल्यावर त्या भिंतीला टेकल्या. "चालूच होतं गो डोक्यात. भाड्या, भाड्या. सगळा वेळ. आणि तरी मी माफी मागितली."

"मनापासून?"

"अर्ध्या मनापासून. अर्धं मन बिझी होतं."

यानंतर आणखी काही भेटी झाल्या. जमालने दाराला फोम लावून घेतला. खैरुद्दीननी मात्र नवाच उपद्व्याप काढला. घरी कुणी आलं, की ते बायकोच्या कानाशी जाऊन विचारायचे, "आला का? याच्याबद्दल आला का?" एकदा आपल्याच भागीदाराबद्दल विचार आला हे कळल्यावर ते इतके खूश झाले, की दिवसभर पुन्हा पुन्हा विचारत राहिले. शेवटी विभावरीने त्यांना बोलावून सांगितलं, की काका, तुम्ही रेडिओला कान लावून बसू नका.

"पण मजा येते हो," ते म्हणाले.

"तुम्हाला येते. त्यांना जायचंय कुठेतरी."

साखरपुडा शारजाच्या एका हॉलमध्ये दुपारी होता. विभावरीला आमंत्रण होतं. तिने आपली काठापदराची साडी काढली आणि गेली. हॉल भरलेला. मुलं टेबलांखाली, अत्तराचा वास, बिर्याणीचं झाकण अजून उघडायचं होतं. शहरबानू पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर हिरव्या साडीत ताठ बसल्या होत्या. थोड्या वेळाने माणसं बाजूला झाली आणि हाजीसाहेब काठी टेकत आले. सगळे उठले. ते इकडेतिकडे न बघता सरळ शहरबानूंच्या शेजारी बसले.

विभावरी पाठीमागच्या रांगेत होती. तिला शहरबानूंची मान दिसत होती. ती आखडली होती.

"काय हो," हाजीसाहेब म्हणाले, "आम्ही चार वेळा तुमच्या घरी आलो. चार वेळा तुमचं डोकं दुखलं. आज नाही ना दुखत?"

आजूबाजूचे दोघेतिघे वळून बघायला लागले. यम्ना स्टेजवरून बघत होती. शहरबानूंनी एक मोठा श्वास घेतला. मग त्या हाजीसाहेबांकडे वळल्या.

"डोकं नव्हतं दुखत, हाजीसाहेब," त्या म्हणाल्या. "भीती वाटत होती. तुमची नाही, माझ्या तोंडाची. भलतंच काही बोलून जाईन आणि पोरीचं जमलेलं मोडेल अशी."

"आणि आज?"

"आज पण वाटते. पण आले."

हाजीसाहेबांनी दाढीवरून हात फिरवला. "आमची बेगम खैरुन्निसा होती ना, तिला कधीच नाही वाटली अशी भीती," ते म्हणाले. "जे यायचं ते बोलायची. अख्खं गाव घाबरायचं. तीन वर्षं झाली जाऊन. घरात आता सगळे माझ्याशी इतकं अदबीनं बोलतात, की मला झोप येते."

यम्ना स्टेजवरून लेहंगा सावरत खाली आली आणि दोघांच्या मधे घुसून बसली. "दादी, यू केम," ती म्हणाली. तिचं काजळ ओघळायला लागलं होतं. शहरबानूंनी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि पदराच्या टोकाने काजळ पुसलं, जरा जोरातच.

विभावरीने इशिताला मेसेज टाकला, की त्या आल्या आणि बोलल्यासुद्धा. इशिताचं उत्तर लगेच आलं. जेवणात काय आहे?

लग्न थंडीत करायचं ठरलं. त्याच्या आधी एकदा विभावरी त्यांच्या घरी चहाला गेली, तर हाजीसाहेब बसलेले होते आणि समोर शहरबानू. जेवणाचा विषय निघाला होता. हाजीसाहेबांचं म्हणणं, लग्नात मंदी, म्हणजे अरबी मटणभात, ठेवावा, पाहुणे बरेच इथले असतील. शहरबानूंचं म्हणणं, माझ्या नातीच्या लग्नात तांदळाची सांदणं होणार, नारळाचा रस होणार, आणि ज्याला मंदी खायची असेल त्याने दुसऱ्याच्या लग्नात जावं.

"अहो, पण पाहुण्यांचा विचार..."

"पाहुण्यांचा विचार पाहुणे करतील. तुम्हाला काय कळतं स्वयंपाकातलं? कधी पेज तरी उकळलीत का?"

खैरुद्दीन कोपऱ्यात कप धरून बसले होते. त्यांनी विभावरीकडे बघून भुवया उंचावल्या, पण तोंडाने काही विचारलं नाही. हाजीसाहेब सरसावून बसले. त्यांचे डोळे चांगलेच चमकत होते.

"तुम्ही माझ्याशी असं बोलता?" ते म्हणाले.

"मग कसं बोलू?" शहरबानू म्हणाल्या आणि त्यांच्या बशीत आणखी एक समोसा वाढला.